दुपारी रंगवलेले डोळे

माझा उजवा डोळा तिनं केलेला आहे. डावा आईवडिलांनी. लेथवर काम करताना लोखंडाचा कीस उडाला आणि उजवा गेला, त्याला आता बावीस वर्षं झाली. समोरच्याला दोन्हींतला फरक कळत नाही. माझ्या सख्ख्या भावालासुद्धा कोणता गेला होता ते आठवून बघावं लागतं. तिच्या कामाबद्दल याहून जास्त काही सांगायची गरज नाही.

तिच्याबद्दल मात्र सांगायला हवं. मी विचारून घेतलंय. "सांगा की," ती म्हणाली, "एवढ्या लोकांनी मला पडद्यावर बघितलं, आता तुमच्यापासून काय लपवायचं?" वर्षातून एकदा मी डोळा पॉलिश करून घ्यायला तिच्याकडे जातो. तासभर एका डोळ्यानं बसावं लागतं, आणि ती काम करता करता बोलते. थोडं तिच्या नवऱ्याकडून कळलं. तो पूर्वी रुग्णालयाची गाडी चालवायचा, आता घरीच असतो आणि कुठलीही गोष्ट मधूनच सुरू करतो. बाकीचं मी तिच्यावरच्या अठरा मिनिटांच्या फिल्ममध्ये पाहिलं.

लोक तिला डोळेताई म्हणतात. नेत्ररुग्णालयाच्या मागच्या अंगाला, जिथं गाड्या वळवतात, तिथं तिच्या दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत पेशंटची खुर्ची, आरसा आणि उत्तरेची मोठी खिडकी. मागच्या खोलीत पॉलिशची मोटार, उकळत्या पाण्याचं भांडं, प्लास्टरच्या गोण्या आणि सिंक. खिडकीखाली एक लांब ट्रे असतो. त्यात नमुन्यादाखल केलेली शंभरेक बुबुळं, फिक्क्या राखाडीपासून जवळजवळ काळ्यापर्यंत, ओळीनं लावलेली. पहिल्यांदा येणारा माणूस दारातच थबकतो. कुठंही उभे राहा, त्यातली निम्मी तरी आपल्याकडेच बघताहेत असं वाटतं. ताईला याची सवय आहे. "या, या," ती म्हणते, "ते कुणाला काही सांगत नाहीत."

काम ती मामाकडून शिकली. मामा आधी दातांच्या कवळ्या करायचा, मग डोळ्यांकडे वळला. खोबणीचा साचा घ्यायचा, त्यावरून मेणाचा नमुना, मेणावरून पांढरं कवच. बुबुळ एका छोट्या चकतीवर वेगळं रंगवायचं, पेशंटला समोर बसवून, त्याच्या चांगल्या डोळ्याकडे बघत. मग लाल रेशमाचे केसाएवढे तंतू शिरांसारखे चिकटवायचे, वरून पारदर्शक थर, आणि पॉलिश. एका डोळ्याला चार-पाच दिवस लागतात. मागच्या बाजूला ती सुईनं पेशंटचा नंबर कोरते. मामा गेल्यावर तीस वर्षं ती एकटीच हे करत आलीये, आणि बोलायला एक नंबर. मी एकदा नवऱ्याशी फोनवर तावातावानं बोलणाऱ्या एका बाईला तिनं म्हटलेलं ऐकलंय, "डोळे वटारताना जरा बेतानं हं, त्यातला एक माझा आहे."

तिच्या चौपन्नाव्या वर्षी ती दोघं आली. विद्यापीठाच्या चित्रपट विभागातून नुकतीच पदवी घेतलेली. एक उंच मुलगी, जाड काचांच्या चष्म्याची, आणि एक कॅमेरावाला, जो दिवसाला चार वाक्यं बोलला तर खूप. पास झालेल्यांना विभाग सहा महिन्यांसाठी कॅमेरा-माइक देतो आणि प्रत्येक जोडीनं वीस मिनिटांच्या आतला एक माहितीपट करून द्यायचा असतो. विषय कुठलाही, माणूस खरा. चष्मेवाली स्वतःचा नंबर तपासायला रुग्णालयात आली होती. रस्ता चुकून मागच्या दाराला लागली आणि ट्रे बघितला. तिची फिल्म तिथंच ठरली.

"मावशी, तुम्ही फक्त तुमचं काम करायचं," ती म्हणाली. "आम्ही नाहीच असं समजा."

"एवढी उंच मुलगी नाहीच असं कसं समजू?" ताई म्हणाली. पण कागदावर सही केली.

पहिले चार दिवस ताई कॅमेऱ्याकडे बघून हसायची आणि शॉट वाया जायचा. पाचव्या दिवशी ती त्याला विसरली. कॅमेरावाल्याला खिडकीतला उजेड आवडला होता. सकाळपासून तो उजेड ट्रेवरून हळूहळू सरकत जायचा, आणि दुपारी दोनच्या सुमारास खिडकीबाहेरच्या भिंतीवर आपटून, परत फिरून पेशंटच्या खुर्चीवर पडायचा. तो सरकणारा उजेड त्याला टिपायचा होता. म्हणून दोघं जेवायला उपाहारगृहात जाताना कॅमेरा ट्रायपॉडवर चालूच ठेवून जायची. ताईला त्यांनी तसं सांगितलंही होतं. तिनं मान हलवली होती.

दोन आठवड्यांनी एका सकाळी चष्मेवाली एकटीच लवकर आली. ताई मेण वितळवत होती.

"मावशी, पिंगट डोळा कुणाचा आहे?"

"कुठला पिंगट?"

"गेले चार दिवस दुपारी रंगवताय तो."

"दुपारी मी पॉलिश करते. रंगवायचं काम सकाळचं, पेशंट समोर असताना. तुला माहितीये की." ताईनं हसून बघितलं. मुलगी हसत नव्हती. "अगं, सध्या पिंगट डोळ्याचं माणूस माझ्याकडे नाहीच आहे."

चष्मेवालीनं लॅपटॉप उघडून टेबलावर ठेवला.

ताईनं मला हे सांगितलं तेव्हा माझा डोळा तिच्या हातात होता आणि ती तो फडक्यानं पुसत होती. पुसणं थांबलं नाही, पण तीच तीच जागा पुसत राहिली.

पडद्यावर हीच खोली होती. हेच टेबल. ताई डबा खाऊन हात पुसत येते, स्टुलावर बसते. मागच्या खोलीतली मोटार बंद आहे, त्यामुळे आवाज फक्त भिंतीवरच्या घड्याळाचा. मिनिटभर ती नुसती बसून राहते. मग खण उघडते, चकती काढते, ब्रश काढते. डाव्या हातानं.

"मी डावरी नाहीये," ताई म्हणाली.

चष्मेवालीनं पडद्याकडे बोट दाखवलं.

पडद्यावरची ताई रंगवू लागते. झरझर, न थांबता, उजव्या हातालाही जमणार नाही इतक्या सफाईनं. आणि रंगवताना मान वर करते. समोरच्या खुर्चीकडे बघते, पुन्हा खाली चकतीकडे. वर, खाली. पेशंट बसलेला असताना ती जशी बघते तशीच, रंग जुळवत. खुर्ची रिकामी. खुर्चीवर फक्त ऊन. एकदा ती बराच वेळ वर बघत राहते, भुवया आक्रसते, आणि अगदी हलक्या आवाजात म्हणते, "हलू नकोस."

"मी पेशंटला 'हलू नका' म्हणते," ताई म्हणाली. "लहान मूल असलं तर 'हलायचं नाही हं बाळा'." "असं मी कुणाला म्हणते?"

चौथ्या दुपारच्या चित्रणात डोळा पुरा झाला होता. ताईनं तो उजेडात धरून बघितला, पालथा करून मागे सुईनं काहीतरी कोरलं, उठली आणि मागच्या खोलीत गेली. कॅमेऱ्याला ती खोली दिसत नव्हती. फक्त आवाज आला, पत्र्याच्या झाकणाचा.

दोघी मागच्या खोलीत गेल्या. सिंकखाली, प्लास्टरच्या गोण्यांच्या मागे मामाचा एक जुना पत्र्याचा डबा होता. त्यात त्याचे गंजलेले साचे आहेत अशी ताईची इतक्या वर्षांची समजूत. झाकण सहज निघालं. साचे नव्हते. कापसाच्या थरांमध्ये डोळे होते.

चष्मेवालीनं ते एकेक करून टेबलावर मांडले. सगळे डावे. सगळे पिंगट, मधाच्या रंगाचे, कडेला गडद रेघ. प्रत्येकात बाहुलीच्या खाली, घड्याळाचा काटा सात वाजता असतो त्या जागी, एक राखाडी ठिपका. सर्वांत लहान डोळा लहान मुलाच्या मापाचा होता. मग थोडा मोठा. मग आणखी. पहिल्या दहा-बारांनंतर माप थांबलं, पण डोळा बदलतच राहिला. पांढरं किंचित पिवळट होत गेलं, शिरा ठळक झाल्या. शेवटच्या चार-पाचांत बुबुळाच्या वरच्या कडेला ते फिकट वलय धरू लागलं होतं जे वय झालेल्या माणसांच्या डोळ्यांत येतं. कुणीतरी त्या टेबलावर एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत वाढत आणि म्हातारं होत गेलं होतं.

"मागे नंबर आहेत," चष्मेवाली म्हणाली. "नऊपासून चौपन्नपर्यंत. हे पेशंट नंबर आहेत का?"

ताई खाली बसली. प्लास्टरच्या गोणीवरच बसली. "नाही," ती म्हणाली. "ते वय आहे."

मग तिनं त्या मुलीला घरी पाठवलं आणि दुकान बंद केलं.

घरी नवऱ्याला तिनं सगळं सांगितलं. तो निवांत शर्टाला बटण लावत बसला होता. त्यानं ऐकून घेतलं, दोरा तोडला, आणि म्हणाला, "म्हणजे ते डोळे असतात होय. मला वाटायचं, तू चित्रं काढतेस."

"तुम्हाला माहीत होतं?"

"वर्षातले ते काही दिवस दुपारी दोन ते तीन तुला हाक मारायची नाही, हे मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकलो. एकदा डबा द्यायला आलो होतो. दारातून बघितलं. तू डाव्या हातानं काहीतरी करत होतीस आणि खुर्चीकडे बघत होतीस. हाक मारली तर ऐकू गेली नाही."

"मग सांगितलं का नाही तुम्ही मला? एवढी वर्षं?"

त्यानं सुई रिळात खोचून ठेवली. "तू शांत दिसत होतीस," तो म्हणाला. "एरवी तू कधी एवढी शांत नसतेस."

आता ती नऊ वर्षांची असतानाची गोष्ट सांगायला हवी. ताई म्हणते की ती हे कधी विसरली नव्हती, नुसतं तिकडे बघत नव्हती.

तेव्हा ती डावरी होती. जिन्यासमोरच्या घरात तिच्याच वयाची मैत्रीण राहायची. डोळे पिंगट, म्हणून सगळे तिला पिंगी म्हणायचे. दोघींनी मोडक्या छत्रीच्या तारा सोडवून धनुष्यबाण केले होते. एका दुपारी गच्चीवर चादरी वाळत होत्या. पिंगी एका चादरीमागे जाऊन उभी राहिली. ऊन तिच्या पाठीमागून येत होतं, त्यामुळे तिची सावली चादरीवर स्पष्ट दिसत होती, डोकं, वेण्या, हात. सावलीवर नेम धरायचा असं ठरलं. सावलीनं जरा चुळबूळ केली. ताईनं तार ताणली आणि ओरडून सांगितलं, "हलू नकोस." पिंगी हलली नाही.

तार चादरीतून आरपार गेली. भोक इतकं बारीक होतं की चादर हललीसुद्धा नाही. सावली मात्र खाली बसली.

मोठ्या माणसांना पिंगी पडली आणि तार लागली असं कळलं. ताईच्या आईला खरं कळलं होतं, कारण धनुष्य तिनंच गच्चीवरून उचललं होतं. ती कुणाला काही बोलली नाही. तिनं मुलीचा डावा हात एका सुती पट्ट्यानं कमरेला बांधला. सात महिने तो हात दिवसभर बांधलेला असायचा, जेवतानासुद्धा. पिंगीचं कुटुंब रुग्णालयातून परस्परच दुसऱ्या गावी गेलं. ताईला मामाकडे ठेवलं, ती पुन्हा आईकडे राहायला गेलीच नाही. मामाला खरं माहीत होतं की नाही ते तिला कळलं नाही. पण त्यानं तिला पहिल्यांदा ब्रश दिला तो उजव्या हातात, आणि तिचा डावा हात आपल्या हातात धरून ठेवला.

सर्वांत लहान डोळ्याचं प्लास्टिक मामा पस्तीस वर्षांपूर्वी वापरायचा त्या जातीचं होतं. म्हणजे काम पुरतं हाताला बसल्यावर, अठरा-एकोणीसची असताना ताईनं नवव्या वर्षापासूनचे राहिलेले डोळे भराभर केले असणार. वाढत्या मुलाला दरवर्षी नवा डोळा लागतो, खोबणी मोठी होते. त्यानंतर वर्षाला एक.

तीन दिवसांनी दोघं मुलं आली. चष्मेवाली दारातच उभी राहिली. "मावशी, आमच्या सरांना मी अजून काही दाखवलेलं नाही. तुम्ही नको म्हणालात तर मी ते फुटेज पुसून टाकते. फिल्म त्याशिवायही होईल."

"पुसू नकोस," कॅमेरावाला म्हणाला. मग त्यालाच ओशाळल्यासारखं झालं आणि तो खाली बघू लागला.

ताईनं त्याच्याकडे बघितलं. "तुझ्या कॅमेऱ्यानं मला चार दुपारी बघितलंय," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्यानंतर त्यानंच. लाव कॅमेरा. मी सांगते."

फिल्मची शेवटची चार मिनिटं ती आहेत. ताई स्टुलावर बसून गच्चीवरची गोष्ट सांगते. पिंगीचं नाव घेत नाही, 'माझी मैत्रीण' एवढंच. रडत नाही. डावा हात पूर्णवेळ मांडीखाली दाबून ठेवलेला दिसतो. हे तिनं मुद्दाम केलं नव्हतं.

विद्यापीठाच्या सभागृहात त्या वर्षीच्या सातही जोड्यांच्या फिल्म एकापाठोपाठ एक दाखवल्या. ताईवरची चौथी होती. आधीची लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका माणसावर होती, लोक हसून हसून खुर्च्यांत रेलले होते. मी ताईच्या मागच्याच रांगेत होतो. पडद्यावर तो हात आला, माणसाच्या उंचीएवढा, ब्रश धरलेला. सभागृहात घड्याळाचा आवाज भरला. ताई मान वर करून बघते, ती कॅमेऱ्याच्या किंचित बाजूला, रिकाम्या खुर्चीकडे. पण एवढ्या मोठ्या पडद्यावर ती आपल्याकडेच बघते आहे असं वाटत होतं. "हलू नकोस," ती म्हणाली आणि खरं सांगतो, आमच्या रांगेत कुणी हललं नाही. माझ्या पुढ्यातली ताईसुद्धा नाही. नवऱ्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा ती दचकली.

दिवे लागल्यावर एका बाईनं विचारलं, "त्या मैत्रिणीचं पुढं काय झालं?"

"माहीत नाही," ताई म्हणाली.

"शोधायचा प्रयत्न केला नाहीत?"

"ती जर मला विसरली असेल, तर मी जाऊन तिला आठवण का करून देऊ?"

फिल्म मग इतर विद्यापीठांत, छोट्या महोत्सवांत फिरली. ताई पुन्हा कामाला लागली. डबा तिनं परत सिंकखाली ठेवला होता, कारण दुसरी जागा सुचत नव्हती. दुपारी आता ती नवऱ्याला बोलावून घ्यायची. तो खुर्चीत बसून पेपर वाचायचा आणि मोठ्यानं बातम्या सांगायचा.

आठ महिन्यांनी एका सकाळी दोन बायका आल्या. एक तरुण, दुसरी काळा चष्मा लावलेली. तरुण बाई म्हणाली, "मी यांची सून. मी तुमची फिल्म पाहिली."

"मी नाही पाहिली," काळ्या चष्म्यातली म्हणाली. "आणि बघणारही नाही. हिनं सांगितलं तेवढं पुरे." तिनं चष्मा काढला. डावी पापणी मिटलेली होती, आत ओढल्यासारखी. उजवा डोळा पिंगट होता. त्याच्या वरच्या कडेला फिकट वलय धरू लागलं होतं.

ताईला बसा म्हणायचंही सुचलं नाही. पिंगी आपणहून खुर्चीत बसली. "तुम्ही किती वाळलात," ती म्हणाली, आणि मग, "तू किती वाळलीस."

सुनेला त्यांनी बाहेर बसवलं. पिंगीनं सांगितलं की तिला आजवर तीन डोळे बसवून झाले होते, तिन्ही टोचायचे, सुजायचं. अकरा वर्षांपूर्वी तिनं नाद सोडला.

"तू घरी काय सांगितलंस?" ताईनं विचारलं. "तेव्हा."

"पडले म्हणून सांगितलं."

"का?"

"तू जिन्यावर रडत होतीस ना, मला आवाज येत होता. मला वाटलं तुलाही काहीतरी लागलंय."

ताईनं डबा आणला. पिंगीनं झाकण काढून आत बघितलं, पुष्कळ वेळ. तिनं शेवटचा डोळा उचलला, चौपन्नाचा. "हा माझा?"

"तो नको घालूस. बसणार नाही. साचा घेतल्याशिवाय कुणाचा डोळा कुणाला बसत नाही, चप्पल आहे का ती? त्यात अकरा वर्षं तू काही घातलेलं नाहीस. मी साचा घेते, नवा..."

"बसतो का बघ तर."

ताईनं तो धुतला, पापणी उचलली आणि आत सरकवला. बसायला नको होता. बसला. आत ओढलेली पापणी वर आली, आणि पिंगी दोन्ही डोळ्यांनी तिच्याकडे बघू लागली. ताई मला म्हणाली, "पस्तीस वर्षं मी हे काम करतेय. त्या दिवशी मला आरसा उचलता येईना."

पिंगीनं स्वतःच आरसा घेतला. आधी हसली. मग आरसा जवळ नेला. "हे खाली काय आहे? राखाडी?"

"तुझ्या डोळ्यात होता ना तो ठिपका."

"माझ्या डोळ्यात कधी ठिपका नव्हता," पिंगी म्हणाली. "आईकडे फोटो आहेत. कधीच नव्हता."

ठिपका कशाचा ते दोघींना एकदमच कळलं असावं. छत्रीची तार जिथून आत शिरली ती ती जागा होती. त्या हातानं सेहेचाळीस वर्षांच्या सेहेचाळीस डोळ्यांत ती जागा चुकू दिली नव्हती.

"काढ," पिंगी म्हणाली, आणि ताईनं तो ताबडतोब काढला.

नवा डोळा करायला पाच दिवस लागले. रीतसर साचा घेऊन, सकाळच्या उजेडात, उजव्या हातानं, पिंगीला समोर बसवून. ठिपका नसलेला. पिंगी सुनेसोबत जवळच्या लॉजवर उतरली होती. चष्मेवालीला कुठून तरी कळलं आणि तिनं फोन केला. तिला शेवट पुन्हा चित्रित करायचा होता, आणि तिचं चूक नव्हतं. "मावशी, मी एकटीच येते, छोटा कॅमेरा घेऊन. तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

"तुझ्या फिल्मला शेवट आहे, बाळा," ताई म्हणाली. "हा आमचा आहे."

निघताना पिंगीनं डब्यातून एकच डोळा मागून घेतला. सर्वांत लहान, मागे नऊ कोरलेला. "हा तेव्हा मिळायला हवा होता," ती म्हणाली आणि रुमालात बांधून घेऊन गेली. बाकीचे ताईनं पॉलिशच्या चाकावर घासून त्यांची पूड केली. त्याला दोन दिवस लागले.

मला वाटलं होतं गोष्ट इथं संपली. ताईलाही वाटलं होतं. पण त्या वर्षी, आधीच्या वर्षी त्या चार दुपारी चित्रित झाल्या होत्या जवळपास त्याच दिवसांत, नवरा तापानं घरी झोपून होता. तिसऱ्या दिवशी बरं वाटल्यावर तो दुपारी दुकानात आला आणि दारातच थांबला. मग बाहेर जाऊन त्यानं पिंगीला फोन केला. "सुरू झालंय," एवढंच म्हणाला.

पिंगी दुसऱ्या दिवशी आली, पावणेदोनला. ताई डबा खाऊन हात धूत होती. "अगं, अचानक?" ती म्हणाली. "सहज," पिंगी म्हणाली आणि खुर्चीत जाऊन बसली. ऊन हळूहळू तिच्या अंगावर आलं. ताई स्टुलावर बसली, बोलता बोलता गप्प झाली. नवरा दारातून बघत होता, त्यानंच मला हे सांगितलं, आणि या वेळी सुरुवातीपासून. ताईच्या डाव्या हातानं खण उघडला. अर्धी रंगवलेली चकती बाहेर आली. ब्रश आला. ताईनं मान वर केली, पिंगीकडे बघितलं, पण पिंगी तिथं आहे हे तिला कळलं नसावं, कारण नजर तिच्यातून पलीकडे जात होती. खाली, वर, खाली. त्या चकतीवर ठिपका नव्हता अजून. ब्रश राखाडी रंगात बुडला.

"हलू नकोस," ताई म्हणाली.

पिंगी उठली. नवरा म्हणतो की ताईच्या चेहऱ्यावर तेव्हा जी भीती आली ती त्यानं आयुष्यात कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेली नाही. रिकामी खुर्ची हलली असती तर जशी येईल तशी. पिंगी टेबलाला वळसा घालून आली आणि तिनं तो डावा हात मनगटाशी धरला. हात सुटायला धडपडला. बाकीची ताई स्वस्थ बसली होती, फक्त हात ओढ घेत होता, जाळ्यातल्या माशासारखा. पिंगीनं दोन्ही हातांनी धरून ठेवला. घड्याळात तीन वाजले तेव्हा बोटं उघडली आणि ब्रश खाली पडला.

"हे काय चाललंय?" ताईनं विचारलं. "हात का धरलायस माझा?"

"काही नाही," पिंगी म्हणाली. "चहा करतेस का?"

याला आता तीन वर्षं होत आली. पुन्हा तो हात ब्रशकडे गेला का, ते दोघींपैकी कुणी सांगत नाही, आणि मी विचारलेलं नाही. पिंगीनं रुग्णालयाच्या पलीकडच्या गल्लीत खोली घेतलीये. मुलगा-सून कुरकुर करतात, पण येऊन जातात. दुपारी ती दुकानात असते, खुर्चीत. ताई डाव्या हातानं भाजी चिरायला शिकतेय, आणि बऱ्याचदा सुरी उलटी धरते म्हणून पिंगी तिला हसते. परवा मी पॉलिशसाठी दोनची वेळ मागितली तर फोन पिंगीनंच उचलला. "दुपारी खुर्ची रिकामी नसते," ती म्हणाली. "तुम्ही सकाळी दहाला या. आणि डोळा आधी धुऊन आणा, गेल्या वेळी फार मळवला होतात म्हणे."